बॅफलची रबरी पट्टी : डिंक कोणता आणि त्याच्यावर भरवसा किती?

घरच्या गॅरेजमध्ये स्वतःच्या हातांनी विमान बांधण्याची परंपरा प्रामुख्याने अमेरिकेतली आहे. १९५३ साली मिलवॉकीत स्थापन झालेल्या ‘एक्स्पेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन’ने ती जोपासली, आणि दर वर्षी जुलैअखेरीस विस्कॉन्सिनमधल्या ऑशकॉशला भरणाऱ्या मेळाव्यात तिचे भव्य रूप पाहायला मिळते. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीतल्या इमारतीच्या गच्चीवर बांधलेले विमान २०१६ मध्ये मुंबईच्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात लोकांनी पाहिले, तेव्हापासून हा विषय मराठी घरांतही बोलला जातो. या वेळी आलेल्या पत्रांतली पाच पत्रे एकाच गोष्टीबद्दल आहेत, म्हणून त्यांची उत्तरे एकत्र देत आहे.

इतर वाचकांसाठी पार्श्वभूमी एवढीच, की लायकॉमिंगसारखे हवेने थंड होणारे इंजिन नुसत्या वाऱ्याने थंड होत नाही. पुढच्या दोन तोंडांतून शिरलेली हवा इंजिनाच्या वरच्या बाजूला कोंडली जाते, तिथे तिचा दाब वाढतो, आणि त्या दाबामुळे ती सिलिंडरवरच्या धातूच्या पातळ पंखांमधून खाली उतरून मागच्या-खालच्या वाटेने बाहेर पडते. वरची दाबाची आणि खालची कमी दाबाची अशा या दोन खोल्या वेगळ्या ठेवणाऱ्या पत्र्याच्या भिंतींना बॅफल म्हणतात. इंजिन रबरी गुटक्यांवर टांगलेले असल्यामुळे ते सुरू होताना आणि बंद होताना चांगलेच हलते, पण त्याच्यावरचे झाकण, म्हणजे काऊलिंग, हलत नाही. म्हणून पत्रा आणि काऊलिंग यांच्यात दहा-बारा मिलीमीटरची फट मुद्दाम सोडतात आणि ती लवचीक रबरी पट्टीने बुजवतात. आजची सगळी पत्रे या पट्टीविषयी आहेत.

प्रश्न (ह्यूस्टन, टेक्सस) : माझ्या दोन आसनी विमानाला लायकॉमिंगचे ओ-३२० इंजिन बसवले आहे. संचाबरोबर आलेली केशरी सिलिकॉन पट्टी पॉप रिव्हेटने बसवावी, असे पुस्तिकेत म्हटले आहे. पण पत्र्याला ऐंशी-नव्वद भोके पाडण्यापेक्षा ती चांगल्या काँटॅक्ट ॲडहेसिव्हने चिकटवली तर काम स्वच्छ दिसेल, असे मला वाटते. मी एक तुकडा चिकटवून पाहिला, पण दुसऱ्या दिवशी तो हाताने सहज सुटून आला. डिंक कोणता वापरावा?

उत्तर : तुकडा दुसऱ्याच दिवशी सुटला, हे फार चांगले झाले. तो दोन महिन्यांनी, काऊलिंग बंद असताना सुटला असता, तर आपल्याला ते सिलिंडरचे तापमान चढल्यावरच कळले असते.

मी ऐंशीच्या दशकात ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका रबर कारखान्यात नोकरीला लागलो. तिथे पहिल्या आठवड्यात शिकलेली गोष्ट अशी, की डिंकाच्या डब्यावर लिहिलेली ताकद नंतर वाचायची, आधी रबर कोणते ते विचारायचे. पंक्चरवाल्याच्या सोल्युशनपासून आपण आणलेल्या काँटॅक्ट ॲडहेसिव्हपर्यंत सगळी सोल्युशने नैसर्गिक, निओप्रीन किंवा नायट्राइल रबरासाठी बनवलेली असतात आणि त्या रबरांना ती घट्ट धरतात. सिलिकॉन रबराचा पृष्ठभाग मात्र असा असतो, की त्याच्यावर बहुतेक डिंक नीट पसरतच नाहीत. मेणकापडावर पाणी जसे थेंबाथेंबाने गोळा होते, तसेच काहीसे तिथे घडते. अराल्डाइट, फेविक्विक, काँटॅक्ट सोल्युशन हे सगळे त्याच्यावर वाळतात, पण त्याला पकडत नाहीत, आणि नखाने उचलले की पापुद्र्यासारखे निघून येतात. शिजून पक्क्या झालेल्या सिलिकॉनला खास प्राइमरशिवाय धरणारा डिंक एकच, आणि तो म्हणजे सिलिकॉनच. ट्यूबमधून येणारा, हवेतल्या ओलाव्याने घट्ट होणारा हा प्रकार कारागीर ‘आरटीव्ही’ या नावाने ओळखतात. तेव्हा ‘कोणता’ या प्रश्नाचे उत्तर आरटीव्ही सिलिकॉन हे आहे.

तरीही पट्टी केवळ त्याच्या भरवशावर ठेवू नका, असे मी आग्रहाने सांगेन, आणि त्याचे कारण हिशेबात आहे. समुद्रसपाटीजवळ १६० नॉट, म्हणजे ताशी सुमारे २९६ किलोमीटर वेगाला समोरून येणाऱ्या हवेचा गतिज दाब पाण्याच्या सुमारे ४२ सेंटीमीटर उंचीच्या स्तंभाएवढा असतो, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला सुमारे ४२ ग्रॅम. पाच सेंटीमीटर रुंद पट्टीचा दहा सेंटीमीटर लांबीचा तुकडा घेतला, तर त्याच्यावर जास्तीत जास्त दोन किलोंच्या आसपास जोर येऊ शकतो. पट्टी बरोबर दिशेला, म्हणजे दाबाच्या खोलीकडे वाकलेली असेल, तर हाच जोर तिला काऊलिंगवर घट्ट दाबून धरतो आणि वेग वाढेल तशी ती अधिक घट्ट बसते. फट खरोखर बंद करते ती ही हवाच, डिंक नव्हे. पण काऊलिंग बसवताना पट्टीचा एखादा भाग उलटा दुमडला गेला, तर तोच जोर पट्टीला मुळापासून सोलायला लागतो. डिंक घसरण्याच्या दिशेचा ताण पुष्कळ सहन करतो, सोलण्याचा मात्र फारच थोडा. चपलेचा तळ नेहमी टोकाकडूनच उकलत जातो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. रिव्हेटपाशी सोलणे थांबते, तर नुसत्या डिंकाच्या जोडावर ते एकदा सुरू झाले की शेवटपर्यंत जाते, आणि सुटलेली पट्टी पुढच्या भागातली असेल तर अल्टरनेटरचा पट्टा तिच्यापासून फार दूर नसतो.

म्हणून रिव्हेट घालाच. साधारण तीन-चार सेंटीमीटरवर एक रिव्हेट असावा आणि रबराच्या बाजूला प्रत्येकाखाली वायसर असावा. त्याहून चांगले म्हणजे ॲल्युमिनियमची अरुंद पट्टी सलग लावून रबर दोन पत्र्यांच्या मध्ये चिमटीत धरावे, कारण सुट्या वायसरभोवती रबर कालांतराने फाटते, सलग पट्टीखाली फाटत नाही. शिवाय बॅफलचा पत्रा जेमतेम पाऊण मिलीमीटर जाडीचा असल्यामुळे ही पट्टी त्याच्या काठालाही आधार देते. भोके टोचतात हे मला कळते, मी स्वतः ती एकेक मोजत पाडली आहेत.

आरटीव्हीचे खरे काम उरते ते तीन ठिकाणी. पहिले म्हणजे कोपऱ्यावर, जिथे एका पट्टीवर दुसरी चढते. तिथे दोन थर थोड्या लांबीवर एकमेकांना चिकटवले तर मधली चोचीसारखी उघडणारी फट मिटते, मात्र सगळा कोपरा चिकटवून कडक करू नये, कारण तो वळता राहिला पाहिजे. दुसरे म्हणजे पत्रा आणि क्रँककेस, म्हणजे इंजिनाचे मधले कवच, यांच्यातल्या बारीक फटी, जिथे पट्टी पोचतच नाही. तिसरे म्हणजे पुढच्या तोंडाचा फायबरग्लासचा उतार, जिथे रिव्हेटचे डोके हवेच्या वाटेत येते. तिथे डिंक लावा, पण पट्टीच्या दोन्ही टोकांना एकेक रिव्हेट तरी ठेवा.

लावण्याची रीतही सांगतो, कारण निम्मे जोड डिंकामुळे नव्हे, तर घाईमुळे सुटतात. पट्टीची चिकटवायची बाजू बारीक पॉलिश पेपरने मंद होईपर्यंत घासावी, तशीच पत्र्याचीही घासावी. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओल्या केलेल्या स्वच्छ फडक्याने एकाच दिशेने पुसून लगेच दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपून घ्यावे, नाही तर विरघळलेले तेल तिथेच परत वाळते. आरटीव्हीचा थर अर्धा ते एक मिलीमीटर ठेवावा. काँटॅक्ट सोल्युशनसारखा तो दाबून पार पिळून काढला, तर धरायला काही उरतच नाही. तो बाहेरून आत शिजत जातो. साधारण २५ अंश सेल्सिअस आणि मध्यम दमट हवेत चोवीस तासांत दोन-तीन मिलीमीटर खोलीपर्यंत पोचतो आणि पूर्ण ताकद यायला आठवडा लागतो. आपल्या ह्यूस्टनच्या दमट हवेत हे काम लवकर होईल. माझ्याकडे, उत्तरेकडच्या हिवाळ्यात, तापवलेल्या कोरड्या गॅरेजमध्ये तेच फार रेंगाळते, आणि मी शेजारी पाण्याचे पसरट भांडे ठेवतो.

प्रश्न (एडिसन, न्यू जर्सी) : हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या सिलिकॉनच्या ट्यूबला व्हिनेगरसारखा वास येतो. विमानाच्या साहित्याच्या दुकानातली ट्यूब कित्येक पट महाग आहे, पण तिलाही तोच वास! मग फरक काय, आणि हा वास घातक आहे का?

उत्तर : वास व्हिनेगरचाच आहे. या प्रकारचे सिलिकॉन घट्ट होताना ॲसिटिक आम्ल बाहेर टाकते. याला ॲसिटॉक्सी प्रकार म्हणतात. तो सिलिकॉनच्या बाकी प्रकारांपेक्षा वाईट नाही, उलट पुष्कळ ठिकाणी तो प्राइमरशिवाय उत्तम धरतो. अनेक बांधणारे वापरतात ते लाल ‘आरटीव्ही १०६’ याच जातीचे आहे आणि ते सतत २६० अंश सेल्सिअसपर्यंतची उष्णता सोसते. महाग ट्यूबमध्ये आपण पैसे मोजतो ते या उष्णतेच्या खात्रीचे. खिडकीच्या काचेसाठी केलेल्या ट्यूबवर तशी खात्री दिलेली नसते, आणि लायकॉमिंगच्या सिलिंडर हेडची, म्हणजे सिलिंडरच्या डोक्याची, कमाल मर्यादाच २६० अंशांची आहे, हे इथे विसरून चालणार नाही. बॅफल तेवढा तापत नाही, पण हेडला टेकणारा त्याचा काठ बराच तापतो.

आम्लाविषयी मात्र माझा अनुभव सांगायलाच हवा. माझ्या पहिल्या विमानात मी मागच्या बॅफलवरचा सगळा सांधा अशाच एका आंबट वासाच्या ट्यूबने भरला होता आणि शेजारून जाणाऱ्या अर्थिंगच्या तारेचे तांब्याचे टर्मिनल त्याच सिलिकॉनखाली गाडून टाकले होते. हेतू हा, की ते थरथरू नये. दोन वर्षांनी वार्षिक तपासणीत तो गोळा कापून काढला, तेव्हा टर्मिनल हिरवे झाले होते, आणि तारेचे धागे बोटाने चोळताच तुटत होते. कल्हई गेलेल्या पितळी पातेल्यात ताक ठेवले की ते कळकते, असे माझी आजी सांगायची. माझ्या विमानात नेमके तेच घडले होते. शेजारचा जस्ताचा मुलामा दिलेला स्क्रूही पांढऱ्या भुकटीने माखला होता. मात्र एपॉक्सी प्राइमर मारलेला ॲल्युमिनियमचा पत्रा अगदी स्वच्छ निघाला, आणि उघड्या काठांवरही, जिथून आम्लाची वाफ सहज उडून गेली असणार, काही बिघडले नव्हते. सगळे नुकसान आम्ल कोंडले गेले तिथे झाले होते.

म्हणून माझा नियम असा आहे : रंग किंवा प्राइमर लावलेल्या पत्र्यावर, उघड्या काठावर, सिलिकॉनला सिलिकॉन जोडताना ॲसिटॉक्सी चालेल. तांबे, पितळ, जस्ताचा मुलामा, उघडे पोलाद किंवा विजेच्या तारा जवळ असतील, किंवा दोन पत्र्यांमध्ये हवा न लागणारा रुंद सांधा असेल, तर ‘न्यूट्रल क्युअर’ लिहिलेले सिलिकॉनच घ्यावे. माहितीपत्रकात त्यासाठी अल्कॉक्सी असा शब्द असतो. एक दिलासा आहे : सिलिकॉन रबरातून पाण्याची वाफ बऱ्यापैकी आरपार जाते, त्यामुळे पत्र्यावर चिकटवलेल्या पट्टीखालचा आरटीव्ही दोन पत्र्यांमधल्या आरटीव्हीइतका उपाशी राहत नाही.

प्रश्न (टोरांटो) : पंखांतल्या इंधनटाक्या बांधून झाल्यावर माझ्याकडे प्रोसील बरेच उरले आहे. ते कशालाही घट्ट धरते, हे माझ्या हातांना आणि कपड्यांना माहीत आहे. बॅफलवर वापरले तर?

उत्तर : नको. हे पॉलिसल्फाइड सीलंट पेट्रोलपुढे टिकावे म्हणून बनवलेले आहे आणि त्या कामात त्याला तोड नाही, पण सतत सोसण्याची त्याची मर्यादा सुमारे १२० अंश सेल्सिअस आहे आणि सिलिकॉन पट्टीला ते धरत नाही. याच्या उलट चूक त्याहून गंभीर आहे, म्हणून तीही सांगतो : आरटीव्ही सिलिकॉन इंधनाच्या सांध्यात कधीही वापरू नका. पेट्रोलमध्ये साधे सिलिकॉन फुगते, मऊ पडते, आणि त्याचा तुटलेला कण फिल्टरपर्यंत किंवा कार्बोरेटरपर्यंत जातो. दोन्ही ट्यूब वेगवेगळ्या कपाटांत ठेवाव्यात.

प्रश्न (पुणे) : आमच्या मायक्रोलाइटला रोटॅक्स ९१२ इंजिन आहे. रेडिएटरच्या डक्टभोवतीची काळी फोमची पट्टी पावसाळ्यात सुटते. स्थानिक बाजारात मिळेल असा डिंक सुचवावा.

उत्तर : आपला प्रश्न ह्यूस्टनच्या प्रश्नापेक्षा सोपा आहे. रोटॅक्स ९१२ चे हेड पाण्याने थंड होते आणि डक्टच्या तोंडाशी, रेडिएटरच्या अलीकडे, हवा बाहेरचीच असते, त्यामुळे तिथे उष्णता फार नसते. काळा फोम बहुधा निओप्रीनचा असेल, आणि निओप्रीनला सिंथेटिक रबराचे काँटॅक्ट सोल्युशन छान धरते. फेविकॉलचे ‘एसआर’ मालिकेतले सोल्युशन याच जातीचे आहे. पट्टी सुटण्याचे कारण बहुतेक करून ते लावण्याच्या पद्धतीत सापडेल. दोन्ही बाजूंना पातळ थर द्यावा, बोट लावले तर चिकटणार नाही इतका तो सुकू द्यावा, आणि मग एकदाच, योग्य जागी, जोराने दाबावे. ओले असतानाच चिकटवले तर आतला सॉल्व्हंट फोममध्ये कोंडतो. पावसाळी दमट हवेत सॉल्व्हंट उडताना पृष्ठभाग गार पडून त्यावर दव धरते, थर दुधट दिसतो आणि चिकटपणा मरतो. अशा दिवशी पत्रा आधी हेअर ड्रायरने कोमट करून घ्यावा. रेडिएटरच्या मागच्या, गरम हवेच्या बाजूला मात्र हे सोल्युशन हळूहळू मऊ पडेल. तिथे सिलिकॉन फोम आणि आरटीव्ही ही जोडी घ्यावी. बदल करण्यापूर्वी विमानाच्या देखभाल पुस्तिकेत त्या जागी कोणते साहित्य सांगितले आहे ते पाहावे आणि आपल्या देखभाल अभियंत्याला दाखवावे.

प्रश्न (फिनिक्स, ॲरिझोना) : मी दुसऱ्याने बांधलेले विमान विकत घेतले. त्याच्या बॅफलवर काळी पट्टी आहे, काही ठिकाणी चिकटवलेली, काही ठिकाणी सुटलेली. ती कोणत्या रबराची आहे हे कसे ओळखावे, आणि जुना डिंक कसा काढावा? चढताना मागच्या दोन सिलिंडरचे तापमान २२० अंशांच्या वर जाते.

उत्तर : चढतानाच तापमान वाढणे स्वाभाविक आहे. चढताना वेग कमी असतो, आणि १०० नॉटला आपल्या हाती असलेला गतिज दाब १६० नॉटच्या दाबाच्या चाळीस टक्क्यांहूनही कमी, पाण्याच्या सुमारे साडेसोळा सेंटीमीटरएवढाच असतो, आणि इंजिन तेव्हाच पूर्ण ताकदीने चालत असते. त्यातून गळती किती होते, ते पाहा : बॅफलच्या कडेची एकूण लांबी दोन मीटर धरली आणि सगळीकडे एक मिलीमीटरची फट राहिली, तर ती वीस चौरस सेंटीमीटर होते. पाच सेंटीमीटर व्यासाचे भोक पाडून ठेवल्यासारखेच ते आहे. इंजिन दीर्घकाळ टिकावे म्हणून साध्या क्रूझमध्ये, म्हणजे एका उंचीवरच्या सरळ उड्डाणात, हेड सुमारे २०५ अंशांच्या आत आणि जोराच्या क्रूझमध्ये २२४ अंशांच्या आत ठेवावे, असे लायकॉमिंग सांगते. तेव्हा आपण वेळेवर विचारले आहे.

रबर ओळखण्यासाठी पट्टीचा नखाएवढा तुकडा कापून घ्या. तो गॅरेजच्या बाहेर, विमानापासून आणि इंधनापासून दूर, उघड्या हवेत पकडीत धरून पेटवा आणि वारा येतो त्या बाजूला उभे राहा. सिलिकॉन असेल तर मागे पांढरी राख उरते, पट्टी वरून काळी असली तरीही. निओप्रीन काळा धूर सोडते आणि ज्योत काढली की लवकर विझते. ज्योत काढूनही काजळी सोडत जळत राहिले, तर ते ईपीडीएम, नायट्राइल किंवा नैसर्गिक रबर असू शकते. ते नायट्राइल आहे की बाकीच्या दोहोंपैकी एक, हे इंजिन ऑइलमध्ये आठवडाभर बुडवून ठेवलेल्या दुसऱ्या तुकड्यावरून कळते : ईपीडीएम आणि नैसर्गिक रबर चांगलेच फुगतात, आणि म्हणूनच इंजिनाच्या खोलीत त्यांना जागा नाही. तुकडा हाताला नेहमीच्या रबरापेक्षा फारच जड वाटला, तर तो फ्लोरोकार्बन रबराचा असू शकतो. तो अजिबात जाळू नका, कारण त्याच्या धुरात हायड्रोजन फ्लोराइड असते.

आपल्या ठिकाणी मी असतो तर राख कोणतीही निघाली तरी ती पट्टी पूर्ण काढून नवी सिलिकॉनची लावली असती. जुना आरटीव्ही कोणत्याही साध्या थिनरने विरघळत नाही. प्लास्टिकच्या धारदार पट्टीने तो खरवडावा, उरलेला थर अंगठ्याने चोळून वळकटी करून काढावा, आणि शेवटी अल्कोहोलने पुसावे. पोलादी पाते वापरू नये, कारण पातळ पत्र्यावर पडलेला ओरखडा ही पुढे तडा जाण्याची जागा होते. बॅफलला रंग द्यायचा असेल, तर तो सिलिकॉनला हात लावण्यापूर्वीच द्यावा. सिलिकॉनचा नुसता मागमूस राहिला तरी रंग तिथे माशाच्या डोळ्यासारखा गोल फाटतो, आणि तेच फडके दुसऱ्या भागावर फिरवले तर तिथेही तसेच होते.

नवी पट्टी बसल्यावर काऊलिंग लावा, पुढच्या एका तोंडातून बारीक दिवा आत घाला आणि दुसऱ्या तोंडातून आरशाने वरच्या कडेकडे पाहा. पट्टी कुठे दुमडली आहे, कुठे लाटेसारखी उचलली आहे, हे तिथे स्पष्ट दिसते. मग पाच-सहा तास उड्डाण करून काऊलिंग काढा. पट्टी नीट टेकत असेल तिथे काऊलिंगच्या आतल्या बाजूला सलग घासलेली रेघ उमटलेली असते, आणि जिथे रेघ तुटते तिथे धुळीचा, तेलाचा करडा फराटा बाहेरच्या दिशेने ओढलेला दिसतो. मागच्या डाव्या कोपऱ्यात, ऑइल कूलरच्या वर, तो पहिल्यांदा शोधा.